बोरिवलीपासून फास्ट

एकच गाडी असेल तर ती फास्टही नसते आणि स्लोही नसते. १२ एप्रिल १८६७ रोजी बी. बी. ॲण्ड सी. आय. रेल्वेने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीने, विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सोडली. सकाळी पावणेसातला ती विरारहून निघे आणि संध्याकाळी साडेपाचला मुंबईहून परत फिरे. नालासोपाऱ्याचं नाव तेव्हाच्या यादीत 'नीला' असं दिसतं आणि वसईचं 'बसीन'. नालासोपाऱ्यातलं तेव्हाचं आचोळे म्हणजे तळं, डोंगरी आणि भातशेती. तिथल्या कुणाला मुंबईला जायचं असेल तर त्याला एवढाच प्रश्न पडे: गाडी मिळाली की चुकली?

आज आचोळे रोडवरून शेअर रिक्षाने स्टेशनला येणारा माणूस रिक्षातूनच मान वाकडी करून इंडिकेटर पाहतो, आणि विरार, चर्चगेट वगैरे नावांच्या आधी त्याची नजर त्या एका अक्षरावर जाते. एफ की एस? फास्ट की स्लो? मराठीत रोज सर्वांत जास्त वेळा उच्चारल्या जाणाऱ्या इंग्रजी विशेषणांची मोजदाद कुणी केली तर हे विशेषण पहिल्या पाचात येईल, याबद्दल मला शंका नाही. 'फास्ट' आपल्याकडे इतकं मुरलंय की त्याला परकं म्हणवत नाही. पण ते आलं कुठून आणि येताना बरोबर काय काय घेऊन आलं, हे पाहायला लागलं की आचोळ्यातलं हे रोजचं अक्षर भलतंच जुनं निघतं.

आधी रेल्वेचं. बोरिवलीपर्यंतची विजेची गाडी १९२८ साली आली आणि १९३६ साली तारा विरारपर्यंत पोचल्या. पुढे बोरिवलीच्या दक्षिणेला चार रूळमार्ग झाले, उत्तरेला मात्र फार वर्षं दोनच होते. एक जाणारा, एक येणारा. वसईच्या खाडीवरचे पूल ओलांडून चार मार्ग विरारपर्यंत पूर्ण व्हायला २००७ साल उजाडावं लागलं. त्यामुळे कित्येक दशकं आमच्या बाजूची गाडी नावाने फास्ट असली तरी बोरिवलीपर्यंत तिला मालगाडी, मेल, शटल अशा सगळ्यांच्या मागेपुढे चालावं लागे. चार मार्ग झाले तरी सवय तीच राहिली. विरार फास्ट साधारणपणे वसई, नायगाव, भाईंदर, मीरा रोड करत, बहुतेकदा दहिसरलाही थांबत बोरिवलीला येते आणि तिथून पुढे तिचं खरं रूप दिसतं: अंधेरी, वांद्रे, दादर, मुंबई सेंट्रल, चर्चगेट. नवा माणूस फलाटावर विचारतो, "ही फास्ट आहे ना?" जुना माणूस मोबाइलवरून डोळे न काढता सांगतो, "बोरिवलीपासून."

गंमत अशी की या फास्टचा वेगाशी तसा संबंध नाही. फास्ट आणि स्लो, दोन्ही गाड्यांचे डबे तेच, मोटरी त्याच, मोटरमनही तेच. मोकळा रूळ मिळाला तर स्लोदेखील तितकीच पळते. फरक फक्त न थांबण्याचा. रेल्वेच्या तांत्रिक भाषेत या मार्गांना 'थ्रू' आणि 'लोकल' अशी नावं आहेत आणि ती प्रामाणिक आहेत: एक आरपार जाणारा, दुसरा गावोगाव थांबणारा. प्रवाशांनी 'थ्रू' कधी तोंडात घेतलंच नाही. त्यांनी 'फास्ट' घेतलं आणि त्याचा अर्थ स्वतःच ठरवला. मुंबईत फास्ट म्हणजे वेगवान नव्हे. फास्ट म्हणजे मधली स्टेशनं गाळणारी.

शिवाय त्याला मराठी व्याकरणात बसवलं. विशेषण म्हणून ते 'लाल' किंवा 'सुंदर'सारखं अविकारी राहिलं: फास्ट मुलगा, फास्ट मुलगी, फास्ट गाड्या. पण नाम झालं की ते लगेच स्त्रीलिंगी होतं, कारण मागे न उच्चारलेली 'गाडी' उभी असते. "आठ दहाची फास्ट गेली का?" "फास्टला गर्दी आहे, स्लोने जा." विभक्तीचे प्रत्यय लागले, लिंग मिळालं, आता याहून जास्त मराठी व्हायला शब्दाने आणखी काय करायचं? २००९ साली पंधरा डब्यांची गाडी आली, तीही आधी फक्त फास्ट मार्गावरच. २०२१ साली अंधेरी-विरार स्लो मार्गावर पंधरा डबे धावेपर्यंत 'पंधरा डबा' म्हटलं की 'फास्ट' वेगळं सांगावं लागत नसे.

नालासोपाऱ्याला सकाळच्या फास्टमध्ये चढणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. गाडी विरारहूनच भरून येते, म्हणून बरेच जण उलट्या दिशेची गाडी पकडून आधी विरारला जातात, उतरत नाहीत, त्याच सीटवर बसून परततात. याला 'रिटर्न मारणं' म्हणतात. विरारच्या फलाटावर रांग लावून उभ्या असलेल्या माणसाला हे बघून काय वाटतं, ते विचारू नये. यावरून झालेली भांडणं पार चर्चगेटपर्यंत पुरतात. मधल्या पॅसेजमध्ये जो अडकतो त्याला हात वर करून खाज सुटलेलं नाकही खाजवता येत नाही. इंग्रजीत या अवस्थेलाही 'फास्ट'च म्हणतात. स्टक फास्ट. ही मी केलेली कोटी नाही. तोच त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'फॅस्ट' असा होता आणि त्याचा अर्थ होता पक्का, घट्ट, जागचा न हलणारा. जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ 'फेस्ट' आजही घट्ट या अर्थानेच वापरतात, डचमध्ये 'फास्ट'ही तसाच. इंग्रजीत याच कुळातले 'फासन' म्हणजे बांधणं, 'स्टेडफास्ट' म्हणजे अढळ. दार फास्ट म्हणजे दार पक्कं लावलेलं. दुर्गम गडालाही जुन्या इंग्रजीत 'फास्टनेस' म्हणत. म्हणजे हलू नये म्हणून जन्मलेला शब्द आज पळणाऱ्या गाडीवर लावला जातो.

हा जुना अर्थ मेला, असं समजायचं कारण नाही. तो आचोळे रोडवरच भेटतो. साडीच्या दुकानात बाई पदर बोटांत चुरगळून विचारतात, "रंग जाणार नाही ना?" आणि दुकानदार म्हणतो, "फास्ट कलर आहे ताई." इथे फास्ट म्हणजे पळणारा असता तर केवढी पंचाईत. रंग पळणार नाही, हेच तर तो सांगतोय. हा शब्द कापडाच्या धंद्यातला. १९०१ साली रेने बोन या रसायनतज्ज्ञाने जर्मनीत बी. ए. एस. एफ. कंपनीत 'इंडॅन्थ्रिन' हा निळा रंग शोधला. धुण्याने आणि उन्हाने न विटणाऱ्या रंगांची पुढे रांगच लागली, आणि 'इंडॅन्थ्रिन' हे नाव पक्क्या रंगाची हमी म्हणून कापडावर छापलं जाऊ लागलं. मुंबईच्या गिरण्यांत रंगाच्या खात्यात काम करणाऱ्याला 'फास्ट'चा हाच अर्थ पहिल्यांदा ठाऊक झाला असणार. १९८२च्या संपानंतर गिरणगावातली जी कुटुंबं परवडेल ते घर शोधत नालासोपारा-विरारकडे आली, त्यांतल्या एखाद्या आजोबांना आजही दोन्ही फास्ट माहीत असतात, रंगातला आणि रुळावरचा, आणि त्यांना त्यात काही विसंगती वाटत नाही. जुन्या अर्थाचा आणखी एक नमुना वालीव-सातिवलीकडचा. तिथल्या कारखान्यांच्या भाषेत नट, बोल्ट, स्क्रू या सगळ्यांचं एकत्रित नाव 'फासनर'. टी मुका होतो, पण कूळ तेच.

त्याहून गंभीर ठिकाणी तो भेटतो तो पॅथॉलॉजीच्या कागदावर. खोकला पंधरा दिवसांत गेला नाही की डॉक्टर थुंकीची तपासणी सांगतात. रिपोर्टवर 'ए. एफ. बी.' अशी तीन अक्षरं येतात आणि पुढे 'नॉट सीन' लिहिलेलं असलं की घरातले सुटकेचा श्वास सोडतात. त्यातला 'एफ' म्हणजे फास्ट: ॲसिड-फास्ट बॅसिलाय. क्षयाचा जंतू फार वेगाने वाढतो, असा अर्थ लावणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत. खरं तर तो अत्यंत सावकाश वाढतो, प्रयोगशाळेत त्याची वाढ डोळ्यांना दिसायला आठवडे लागतात. तंत्रज्ञ काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर पसरवतो, त्यावर कार्बोल फ्युक्सिन हा लालभडक रंग ओततो, खालून वाफ येईपर्यंत तापवतो, मग आम्लाने धुतो. बाकी सगळ्यांचा रंग वाहून जातो. क्षयाच्या जंतूचं वेष्टण मेणचट असतं, त्यात मुरलेला लाल रंग आम्लानेही सुटत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या मैदानावर बारीक लाल काड्या दिसतात. रंग धरून ठेवणारा, म्हणून फास्ट. कोख या शास्त्रज्ञाने हा जंतू १८८२ साली जगापुढे ठेवला आणि त्याच सुमारास एर्लिख, झील, नीलसन यांनी रंगवण्याची ही रीत घडवली. (त्याच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी नालासोपारा पश्चिमेला बुरूड राजाचा कोट खणत होते आणि स्तूपाच्या पोटातून करंडक बाहेर काढत होते. दोन्हींचा काही संबंध नाही, पण एका तालुक्यात राहून हे साल लिहायचं आणि ते सांगायचं नाही, हे मला जमलं नसतं.)

मग घट्ट बसलेला शब्द पळायला कधी लागला? इथे इंग्रजीचे जाणकार क्रियाविशेषणाकडे बोट दाखवतात. घट्ट धरणं, नेटाने लढणं, जोर लावून ओढणं अशा कामांना 'फास्ट' लावता लावता त्याचा अर्थ 'नेटाने, जोर करून' असा झाला. नेटाने पळणारा माणूस वेगात पळतोच. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास हा अर्थ क्रियाविशेषणात रुजला, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विशेषणातही शिरला. जुना अर्थ जागेवर राहिला, नवा त्याच्या शेजारी बसला.

इंग्रज विद्यार्थ्याला हे समजावून सांगायला बरीच पानं खर्चावी लागतात. मराठी माणसाला एका शब्दात समजतं: जोरात. जोर म्हणजे बळ. पण "जोरात पळ" म्हणजे बळाने पळ नव्हे, वेगात पळ. "गाडी जोरात चालली होती" यातही बळ राहिलेलं नाही, फक्त वेग. 'कसून' पाहा. कसणं म्हणजे आवळणं, घट्ट बांधणं. पण कसून सराव केला, कसून शोध घेतला म्हणताना गाठ कुठेच नाही, नेट आहे. आणि 'लगेच' आणखी पुढे गेलं: लागून असलेलं, चिकटलेलं, ते वेळेच्या हिशेबात तत्काळ झालं. घट्टपणातून वेगाकडे जाणारी वाट इंग्रजांची खाजगी नाही.

याहून मजेदार गोष्ट 'जलद'ची. फलाटावरच्या घोषणेत फास्टला 'जलद लोकल' म्हणतात आणि स्लोला 'धीमी लोकल'. कुणी मराठीचा अभिमानी असेल तर त्याला बरं वाटतं: निदान घोषणेत तरी आपला शब्द आहे. पण जलद आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत अरबीतून. संस्कृतात 'जलद' म्हणजे जल देणारा, ढग. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि अरबीत 'जल्द' म्हणजे? कणखर, सोशिक, टिकाव धरणारा. त्याच धातूवरून कातडीला 'जिल्द' म्हणतात, आणि फटके मारणारा तो 'जल्लाद', तोही याच भावकीतला. कणखर माणूस चपळ असतो, चपळ माणूस झटपट काम करतो, असं करत करत फारसीत 'जल्द'चा अर्थ वेगवान झाला. फास्टने उत्तर समुद्राच्या काठावर जी वाट तुडवली, तीच जलदने वाळवंटातून येताना तुडवली. दोघांची कुळं वेगळी, मुक्काम एक, आणि आता दोघे नालासोपाऱ्याच्या फलाटांवर एकमेकांचं भाषांतर म्हणून उभे आहेत. सोपाऱ्याच्या जुन्या बंदरात अरबांची गलबतं लागत होती हे खरं, पण 'जलद' त्या गलबतांतून उतरला असं म्हणण्याचा मोह मी आवरतो. दख्खनच्या दरबारी फारसीतून तो मराठीत आला. कुळकथा लिहिताना आपल्या गावाला उगाच मानाचं पान वाढायचं नसतं.

'धीमी'बद्दल मात्र माझी तक्रार आहे. मराठीत संथ आहे, मंद आहे, सावकाश आहे. पण घोषणा लिहिणाऱ्याने हिंदीतला सोयीचा शब्द उचलला, आणि तोही 'धीम्या मार्गावर' असा मराठी विभक्तीत घोळवून. प्रवाशांनी त्याला कधीच स्वीकारलं नाही. तो लाउडस्पीकरमध्ये राहतो, तोंडात येत नाही.

इंग्रजीच्या तासाला पोरांना चक्रावणारे दोन वाक्प्रचार होते: 'फास्ट अस्लीप' आणि 'फास्ट फ्रेंड्स'. झोप वेगवान कशी? मित्र वेगवान कसे? मास्तर फळ्यावर अर्थ लिहीत: गाढ झोपेत, गाढ मित्र. बहुतेक मास्तर तिथेच थांबत. खरं उत्तर फळ्यावरच होतं. संस्कृतात 'गाढ' म्हणजे घट्ट, दाट, आवळलेलं. गाढ आलिंगन म्हणतो ते त्याच अर्थाने. झोपेला आणि मैत्रीला इंग्रजांनी घट्ट म्हटलं, आपणही घट्टच म्हटलं. आपल्या गाढला पुढे पाय फुटले नाहीत, एवढाच फरक.

आणि तिसरा फास्ट, उपासाचा. इंग्रजी शाळेत जाणारी मुलं आता "आज आईचा फास्ट आहे" असं बिनदिक्कत म्हणतात. हा वेगळाच शब्द योगायोगाने सारखा झाला असेल, असं वाटतं, पण नाही. तोही त्याच मुळाचा. जुन्या गॉथिक भाषेत 'फास्टान' म्हणजे पाळणं, राखणं, आणि उपास करणंही. नियम घट्ट धरून ठेवणं. इथे मराठी वाचकाने थांबावं, कारण आपण काय म्हणतो ते ऐका: उपास धरला. एकादशी धरली. "मी गुरुवार धरते." आणि संध्याकाळी उपास सोडला. जर्मन जमातींनी आणि आपल्या आजीने, एकमेकांना न विचारता, न जेवण्यासाठी एकच क्रियापद निवडलं: धरणं. आपण तर त्यांच्याहून बारकाईने वागलो. इंग्रजीत उपासाचं एकच 'ब्रेक' असतं, त्यातून सकाळची न्याहारीसुद्धा 'ब्रेकफास्ट' झाली. मराठीत वेळ झाल्यावर उपास सोडतात, आणि मध्येच कुणी भजी पुढे केल्यामुळे गेला तर तो मोडतो. सोडणं आणि मोडणं यांत पुण्याचा सगळा हिशेब आहे. वसईतल्या ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपवासकाळ पाळतात, तिथेही प्रार्थना मराठीत असल्याने हा हिशेब तसाच चालतो. अंगारकीच्या दिवशी 'फास्ट फूड' लिहिलेल्या गाडीवर साबुदाणा वडा मिळतो, तेव्हा दोन्ही फास्ट एका कागदाच्या प्लेटमध्ये येतात, आणि खाणाऱ्याला लोकल पकडायची असेल तर तिसराही.

सरकारनेही नकळत एक नमुना करून ठेवलाय. विरारजवळ महामार्गावर खानिवड्याचा टोलनाका आहे. फेब्रुवारी २०२१ पासून देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. नाव ठेवणाऱ्याच्या मनात वेगच असणार. पण तो असतो काय? काचेला घट्ट चिकटवलेला, सोलून काढायला गेलं तर फाटणारा कागद. हजार वर्षांपूर्वीच्या कुणा सॅक्सन माणसाला तो दाखवला असता तर त्याने चिकटपणाकडे बोट दाखवून म्हटलं असतं, नाव बरोबर आहे.

घरातल्या बोलण्यात फास्ट जो इतका पसरलाय, त्याची मात्र मला थोडी चिंता वाटते. घड्याळ फास्ट, नेट फास्ट, बोलर फास्ट, इथवर ठीक. एके काळी शेजारची मुलगीही नाक मुरडून 'फास्ट' ठरवली जायची, तो अर्थही इंग्रजांच्याच दिवाणखान्यातून आला होता आणि आता बराच ओसरलाय, ते बरंच झालं. पण मराठीत प्रत्येक कामाची घाई वेगळी होती. चालायचं झपझप, जेवायचं पटपट, लिहायचं भरभर, भाजी चिरायची चटचट, विळा चालवायचा सपासप. शब्दांतूनच हात कसा हलतोय ते ऐकू यायचं. आता आचोळ्यातल्या कुठल्याही इमारतीत सकाळी साडेसहाला ऐकू येतं ते एकच: "फास्ट फास्ट आवर!" डबा फास्ट, आंघोळ फास्ट, दप्तर फास्ट. सगळ्या घाया एका छापाच्या झाल्या. तरी भाषेने आपली खोड सोडलेली नाही. इंग्रजीत कुणी 'फास्ट फास्ट' म्हणत नाही. ते दुहेरीपण आपलं आहे, पटपट आणि झपझपच्या साच्यातून आलेलं. शब्द परका, चाल घरची.

आणि समोरच्या बाजूला एक जागा अजून परक्याला मिळालेली नाही. गाडी स्लो असते, नेट स्लो असतं, घड्याळही स्लो होतं. पण लिफ्ट बंद असल्यामुळे चौथ्या मजल्यावरून कठडा धरून उतरणाऱ्या आजीला कुणी "स्लो उतर" म्हणत नाही. "हळू उतर गं," असंच म्हणतात.